छत्रीचे दोर

साकोलीच्या शाळेत माझी बदली झाली. खोली बघायला गेले, तर घरमालकांनी भाड्याचं नावही काढलं नाही. अंगणाकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, या दोराईवर लुगडं वाळू घालाचं नाई. परकर नाई, रुमाल बी नाई. कबूल असंल तं आपलं घर समजा."

मी बोटाच्या दिशेने पाहिलं आणि क्षणभर हे घर आहे की कसला कारखाना, असा प्रश्न पडला. अंगणाच्या मधोमध लोखंडी खांबावर एक भलीमोठी कढई आभाळाकडे तोंड करून बसली होती. पत्र्याची नव्हे, जाळीची. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली बारीक जाळी, लोखंडी फासळ्यांवर ताणून बसवलेली. मधोमध काड्यांवर एक डबा टांगलेला. आणि चारी बाजूंना अंबाडीचे जाडजूड दोर जमिनीतल्या खुंट्यांना बांधलेले, उधळ्या गोऱ्ह्याला बांधावेत तसे.

"हे काय आहे?"

"टीवीची छत्री."

"उलटी?"

"पाऊस झेलाची नाई न बाई, चित्र झेलाचं आहे."

त्यांना सगळं गाव काकाजी म्हणे, मीही म्हणू लागले. राईस मिलमध्ये मिस्त्री म्हणून उमेदीची वर्षं घालवून ते घरी बसले होते. बसले होते हे म्हणण्यापुरतं. त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. उंच, काटक, कानाच्या पाळ्या लांब, कमरेला पंचा आणि पंचात पाना खोचलेला. मूलबाळ नव्हतं. घरात ते, काकू आणि छत्री. यातलं सगळ्यांत लाडकं कोण ते काकू सांगायच्या, आणि सांगताना हसायच्या नाहीत.

तो काळ असा की नागपूरला टीव्ही आला होता, पण साकोलीपर्यंत यायचं त्याच्या जिवावर येई. बांबूवर साधा अँटेना लावून लोक पडद्यावर मुंग्या बघत बसत आणि मुंग्यांमध्ये कुणाचं तरी डोकं दिसलं की टाळ्या वाजवत. काकाजींची छत्री मात्र नागपूरला मोजतच नव्हती. ती थेट वरून, उपग्रहाकडून चित्र घ्यायची. कुठल्याशा खेड्यात बसवलेली, वादळात मोडून पडलेली आणि कुणालाच नको झालेली ती छत्री त्यांनी कोंड्याच्या ट्रकवर टाकून आणली होती. मिलच्या भट्टीत तिच्या फासळ्या सरळ केल्या, जाळी नवी घातली, आणि पडद्यावर बोलणारा माणूस दिसेपर्यंत तिला खांबावर फिरवत राहिले. तिचं तोंड शेवटी दक्षिणेकडे झालं. शेजारच्या म्हाताऱ्यांनी हरकत घेतली. दक्षिण म्हणजे यमाची दिशा, घरात काही बरं व्हायचं नाही. काकाजी म्हणाले, "यमाच्या आंगानंच चित्र येते, तं मी काय त्याले उत्तरेकडून बलावू?"

आता घरोघर छपरावर ताटाएवढ्या छत्र्या असतात आणि त्यांच्याकडे कुणी मान वर करून बघतही नाही. काकाजींच्या छत्रीला बारा महिने तेरा काळ चाकरी लागायची. शेतकऱ्याला बैल असतो तसं ते प्रकरण होतं, आणि काकाजी तिच्याशी वागायचेही तसेच. गुढीपाडव्यानंतर उन्हं तापली की तिची जाळी घासायची. रॉकेलची चिंधी आणि काचकागद घेऊन ते शिडीवर चढत आणि एकेक चौकट खरवडत. मग चांदी रंगाचा हात. "लोखंडाले जंग नाई खात बाई, आळस खाते," हे वाक्य त्या दिवसांत मी इतक्यांदा ऐकलं की वर्गातल्या पोरांना वह्या पूर्ण केल्या नाहीत तर मीच ते ऐकवू लागले.

वैशाखात दुपारी वावधन सुटायचं. नागझिऱ्याच्या जंगलाकडून धूळ उडवत वारा आला की गावातले लोक कपडे, पापड, पोरं आत घेत. काकाजी बाहेर जात. खांबाला पाठ लावून उभे राहत आणि दोरावर हात ठेवून डोळे मिटत. त्यांना विचारलं तर म्हणत, दोर बोलते. तारेचे ताण बांधा, मजबूत राहतील, असं त्यांना पुष्कळांनी सांगून पाहिलं. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "तार तुटल्यावर सांगते. दोर तुटाच्या आंधी सांगते."

मृगाच्या आधी दोर बदलायचे. अंबाडी भिजवून, सोलून, पीळ घालून ते स्वतः वळत. डब्याच्या सांध्यांना मेण लावायचं, वायरीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळायची, खांबाला एरंडेलाचं कडं घालायचं म्हणजे मुंगळे वर चढत नाहीत. पावसाळा हा तिचा खरा परीक्षेचा काळ. अंबाडीचा दोर पाण्यानं आखडतो. रात्रभर पाऊस झाला की सकाळी दोर ताठ होत, छत्रीचं तोंड ओढलं जाई आणि चित्र गायब. मग उघडीप मिळाली की काकाजी खुंटीखुंटीपाशी जाऊन दोर सैल करत, ऊन पडलं की पुन्हा आवळत. हे तारेनं झालं नसतं हे त्यांनाही कळत होतं. पण सुंभ जळालं तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ त्यांच्या दोरात कमी आणि अंगात जास्त होता.

काकूंचा दोडक्याचा वेल दर श्रावणात छत्रीकडे हात पसरायचा. काकाजी त्याला तोडत नसत. फुलावर आलेला वेल तोडायचा नसतो. ते रोज सकाळी त्याचा शेंडा हळूच सोडवून कुंपणाकडे वळवत आणि त्याला म्हणत, "तिकडं जाय न बा, इकडं काय आहे?" थंडीत जाळीवर दव साचे, ते जुन्या धोतरानं पुसत. एकदा एक वानर टोळी सोडून आलं आणि कढईत ऐसपैस बसून पेरू खाऊ लागलं. काकाजींनी काठी उगारली नाही. खाली उभं राहून ते त्याला समजावत होते की पाहायची बंदी नाही, बसायची आहे. वानरानं पेरूचं देठ त्यांच्या टकलावर टाकलं आणि मी तोंडात पदर कोंबून आत पळाले.

पोळ्याच्या दिवशी तर कमालच. त्यांच्याकडे बैल उरले नव्हते. सकाळी ते खांबाला गेरू फासत, वर बेगड चिकटवत आणि चारी दोरांना पळसाची पानं बांधत. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर फिरत, ती छत्रीसमोरही ओळीनं बैल उभे करत आणि काकाजी गंभीरपणे सगळ्यांना खाऊ वाटत. बघणारे हसत. मीही हसायचे. सुरुवातीला मला वाटलं, मूलबाळ नाही, बैल नाहीत, काम सुटलं. माणसाला हाताला काहीतरी लागतं, ते या छत्रीनं दिलं आहे.

पण एक गोष्ट मला कोड्यात टाकायची. एवढा जीव लावलेली छत्री, आणि टीव्ही मात्र ते बघतच नसत. सिनेमा लागला की खोली माणसांनी भरून जाई, काकाजी अंगणात. क्रिकेट असलं की गल्ली लोटे, काकाजी अंगणात. फक्त आठवड्यातून एकदा, संध्याकाळी, आपल्याकडच्या खेड्यांसाठी नागपूरचा एक कार्यक्रम वरूनच लागायचा: खतं, बियाणं, गुरांचे रोग आणि शेवटी कुठल्या तरी गावचं भजन नाहीतर नाच. तेवढ्यापुरते ते पाय धुऊन, धुतलेला सदरा घालून टीव्हीसमोर बसत. खतांच्या वेळी पेंगत. शेवटचं गाणं सुरू झालं की ताठ होत, पुढे सरकत, गाणाऱ्यांची तोंडं एकेक करून बघत. गाणं संपलं की उठून टीव्हीची लाकडी दारं लावत आणि बाहेर जात.

"कोणाला शोधतात ते?" मी एकदा काकूंना विचारलं.

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सुपातून मान वर केली नाही. "भासऱ्यायले," त्या म्हणाल्या. भासरे म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ.

मग सगळं कळलं. दोघे भाऊ आंबागडचे. किल्ल्याच्या पायथ्याशी त्यांची धानाची शेती, आणि दोघांत मिळून एक बोडी, म्हणजे शेतापुरतं लहानसं तळं. एका वर्षी पावसानं ओढ दिली. धानाची रोवणी अडली. बोडीत होतं तेवढं पाणी थोरल्यानं आधी आपल्या बांधीत, खाचरात घेतलं. उरलेलं धाकट्याच्या शेतापर्यंत पोचलंच नाही आणि त्यांचे पऱ्हे, हातभर वाढलेली रोपं, जागच्या जागी वाळली. काकाजींनी बोडीच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सगळ्या गावासमोर हात वर करून शपथ घेतली: "आजपासून तुहं तोंड पाहीन तं बापाचा नाई." आणि वाटणी मोडून, बैल विकून ते साकोलीला आले ते आलेच. आंबागडात लग्नं झाली, बारशी झाली, काकू एकट्या जाऊन आल्या. काकाजी गेले नाहीत.

थोरला भाऊ दंडार करायचा. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव दंडारी होतात. ढोलकीवर गाणी, सोंगं, नाच, रात्र उजाडेपर्यंत. त्याचा आवाज असा होता म्हणे की पलीकडच्या गावची माणसं आवाजावर चालत येत. लहानपणी काकाजी त्याच्या मागे झील धरून उभे राहत. पुढे एकदा कुणीतरी मिलमध्ये सांगितलं, तुझ्या भावाला नागपूरच्या टीव्हीत पाहिलं. त्या दिवसापासून यांच्या डोक्यात छत्री शिरली.

"पण शपथ?" मी म्हटलं.

"त्याचा बी इलाज काढला त्यायनं," काकू म्हणाल्या. "भटजीले इचारून आले. सूर्याले लागलेलं गिरान पाहू नाई म्हणतात, पण परातीत पाणी घेऊन पाण्यात पाह्यलं तं दोष नाई. तसंच म्हणे काचेतलं तोंड. ते तोंड नोहे, सावली आहे." त्यांनी सूप पाखडलं. "एवढी मोठी कढई बांधली, पण दोन एस्ट्या बदलून जाणं झालं नाई."

त्यानंतर मला छत्रीकडे बघून हसू येईना. दर आठवड्याला ते त्याच आशेनं बसत आणि दर आठवड्याला दुसऱ्याच गावचं भजन लागे.  दुसऱ्या दिवशी डब्याचे सांधे पुन्हा तपासत, जणू दोष चित्रात होता. मी एकदा न राहवून म्हटलं, "काकाजी, एकदा जाऊन या ना आंबागडला." ते दोराला पीळ घालत होते. म्हणाले, "बाई, म्या कोणाचं नाव घेऊन नाई म्हटलं, बापाचं घेऊन म्हटलं. आता बापाले खोटा कसा पाडू?" 

पोळा होऊन गेला होता. आंबागडच्या बाजूची एक बांगडीवाली बाजारात काकूंना भेटली आणि तिनं निरोप दिला: येत्या कार्यक्रमात भासऱ्यांची दंडार आहे. काकू बाजार टाकून तशाच घरी आल्या. काकाजी ऐकून छत्रीखाली जाऊन उभे राहिले. नंतरच्या दिवसांत त्यांनी जे केलं ते पाहून एखाद्याला वाटलं असतं घरात लग्न आहे. जाळी पुसली, सांधे पुन्हा मेणानं बुजवले, दोडक्याच्या वेलाला सुतळीनं बांधून ठेवलं. डब्यात गांधीलमाशीनं घर केलं होतं, ते काढताना हात सुजला. टीव्हीची काच राखेनं घासली. आणि त्या संध्याकाळी, कधी नव्हे ते, अंगणाचं फाटक लावून घेतलं. गल्लीतल्यांना सांगितलं, आज टीवी बंद आहे. त्यांना तो चेहरा एकट्यानं बघायचा होता. मला तेवढी राहायची परवानगी मिळाली, कारण मी भाडेकरू.

आणि दुपारपासून पाऊस लागला. मोठा नव्हे, बारीक, चिकट. दोर पाणी पिऊन फुगले, आखडले, आणि कार्यक्रमाची वेळ आली तेव्हा छत्रीचं तोंड भलतीकडेच वळलेलं. काकाजी डोक्यावर पोतं घेऊन खुंट्यांपाशी धावत होते. मी खिडकीतून ओरडून सांगत होते, मुंग्या, मुंग्या, अजून मुंग्याच.

तेवढ्यात फाटक वाजलं.

"आहे का कोणी घरी?"

काकूंनी दचकून पदर डोक्यावरून पुढे ओढला, तेव्हाच मी ओळखलं. फाटकात एक उंच म्हातारा भिजत उभा होता. कानाच्या पाळ्या तशाच लांब. हातात कापडी पिशवी. काकाजींची पाठ फाटकाकडे होती. हातात दोर होता. त्यांनी आवाज ऐकला आणि ते जागच्या जागी थांबले. वळले नाहीत.

काकू जाऊन फाटक उघडून आल्या. जुन्या वळणाच्या त्या, भासऱ्याशी थेट बोलत नसत. माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "बाई, त्यायले म्हणा, आत या, बसा. आंग पुसाले धोतर देतो म्हणा." म्हातारा दोन हातांवर उभा होता, तरी मी त्याला सांगितलं. तोही मलाच म्हणाला, "बाई, सांगा तिले, आमच्या गावचा टीवी बंद पडला. मनलं, स्वतःले एकदा पाहून घ्यावं. तोंड पाहाचं तं भावाकडं जावं, त्याची छत्री मोठी आहे म्हणतात." आणि मग आवाज खाली आणून, "त्याले चालंल ना?"

 उत्तर आलं छत्रीकडून, आणि तेही मला. "बाई, आतल्याले म्हणा, खाटेवर बसा. म्या चित्र आणतो."

आता पंचाईत अशी झाली की काकाजींना घरात यायला वाट उरली नाही. आत भाऊ बसलेला. आत आले तर तोंड दिसणार. मी छत्री डोक्यावर धरून बाहेर गेले, साधी, पावसाची. म्हटलं, "काकाजी, दोर मी धरते. तुम्ही आत जा. मान खाली घालून टीव्हीसमोर बसा, पाठीमागं बघू नका." त्यांनी मान हलवली. "तुमाले जमाचं नाई. हा दोर एवढाही ढिला झाला तं जाते." मग दोर पुन्हा आवळत, "आत कोणी सांगाले पायजे. तुमी आत राहा."

कार्यक्रम सुरू झाला. काकाजी पूर्वेकडचा दोर दोन्ही हातांनी ओढून, पाय रोवून, खिडकीला पाठ करून उभे होते. आवाज स्वच्छ येऊ लागला होता, खतांबद्दल कुणीतरी बोलत होतं. पडद्यावर मात्र राखेसारखं काहीतरी उकळत होतं. मग ढोलकी वाजली. आणि तो आवाज उठला. मला गाण्यातलं फार कळत नाही, पण अंगावर काटा आला. काकू पदराआडून रडत होत्या.

"बाई," बाहेरून हाक आली, "आलं का चित्र?"

मी टीव्हीकडे पाहिलं. मुंग्या. मी तोंड उघडणार, एवढ्यात खाटेवरच्या म्हाताऱ्यानं हात वर करून मला थांबवलं. आणि स्वतःच ओरडला, मध्ये कुणाला न घेता, सरळ खिडकीतून:

"आलं, आलं! एकदम साफ! आता हलू नोको!"

काकाजी हलले नाहीत. इतक्या वर्षांनी भावानं त्यांच्याशी बोललेली ती पहिली वाक्यं. त्यांच्या पाठीवर पोतं भिजून काळं झालं होतं, हातांच्या शिरा ताणल्या होत्या, आणि ते पुतळ्यासारखे उभे.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की म्हातारा टीव्हीकडे बघतच नाही. खाट त्यानं खिडकीकडे सरकवली होती. स्वतःचा आवाज खोलीभर घुमत होता आणि तो खिडकीचे गज धरून अंगणात बघत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले हे त्याला जाणवलं असावं. तो हळूच म्हणाला, "शपथ त्याची आहे बाई, माही नाई. मले पाहाले मनाई नाई." मग पुन्हा खिडकीत. "पाठ वाकली त्याची. लायना होता तवा असाच उभा राहे माह्या मांगं, झील धरून." मधूनमधून तो ओरडे, "हं, छान! तसाच धरून ठेव!" आणि काकाजी आणखी जोरानं धरून ठेवत.

गाणं संपलं. म्हातारा आणखी थोडा वेळ बसला. मग उठला, पिशवी घेतली. दारात थांबून मला म्हणाला, "सांगा त्याले. मी जलमात पयल्यांदा स्वतःले पाह्यलं म्हणा. त्याच्या हातानं पाह्यलं." तो अंगणातून गेला, काकाजींच्या मागून, हाताच्या अंतरावरून. तिथे क्षणभर थांबलाही. मला वाटलं, आता हात ठेवेल खांद्यावर. त्यानं तो उचललाही होता. मग तुमसरच्या बाजूची एस.टी. चुकेल म्हणून की आणखी कशासाठी, देव जाणे, तो तसाच फाटकाबाहेर पडला.

काकाजी दोर धरून होते. शेवटी काकू जाऊन म्हणाल्या, "अजी, सोडा आता. गेले ते."

त्यांनी दोर सोडला, वळले. फाटक उघडं होतं. तळहात सोलून निघाले होते. "पाह्यलं त्यानं?" त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, "हो." "साफ?" "हो."

पुढचे कितीतरी दिवस ते निराळेच होते. मिलमध्ये जाऊन सांगून आले, बसस्टँडवर सांगितलं, न्हाव्याला सांगितलं: दादानं स्वतःले पाह्यलं, म्या दोर धरला म्हणून पाह्यलं. त्यांना भाऊ दिसला नव्हता, पण भावाला तो स्वतः दिसला याचाच केवढा अभिमान. कार्यक्रम पुन्हा दाखवतात कधीकधी, असं कुणीतरी म्हणालं, तेव्हापासून छत्रीची चाकरी दुप्पट झाली. मी आणि काकू गप्प राहिलो. त्या म्हाताऱ्यानं हात वर करून आम्हाला थांबवलं होतं, आणि काकाजींच्या चेहऱ्यावर जे होतं ते पुसायला हात धजत नव्हता.

थंडीच्या दिवसांत आंबागडहून निरोप आला. थोरला भाऊ सकाळी गेला, बसल्या जागी. काकाजी होते तसे निघाले. एक एस.टी. चुकली, दुसरी वाटेत बंद पडली. पोचले तेव्हा मसणातून माणसं परत येत होती. भावासाठी कुणी थांबलंच नव्हतं. लोकांनी निष्ठुरपणा केला असं नाही. उलट त्यांनी मान राखला. सगळ्या गावानं पाळीवर ती शपथ ऐकली होती. तो तोंड पाहणार नाही, मग कशाला थांबायचं, मातीला उशीर कशाला, असं जाणत्यांनी ठरवलं.

दिवस करून ते परत आले. डोक्याचा गोटा केलेला, चेहरा बसलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले, तर ओट्यावर बसून होते. छत्रीवर दव तसंच होतं. काकू दाराला टेकून उभ्या.

"बाई, एक इचारू? टीवीत कसा दिसत होता तो? म्या तं बाहेर होतो. लय बारीक झालता का? समोरचे दात होते का त्याचे?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं सांगता आलं असतं. दात होते म्हणाले असते, तेवढ्यावर त्यांचा आणखी एक हिवाळा निघाला असता. पण तो माणूस ज्याच्यासाठी दोन एस.टी. बदलून भिजत आला होता, ते यांना कुणी सांगणारच नव्हतं. मी त्यांच्याजवळ ओट्यावर बसले.

"काकाजी, टीव्हीत काही दिसत नव्हतं. नुसत्या मुंग्या होत्या. आवाज तेवढा आला."

"मंग आलं, आलं, कायले म्हणे तो?"

"तुम्ही तिथून हलू नये म्हणून. त्यांनी टीव्हीकडे पाहिलंच नाही. खिडकीतून तुमच्याकडे बघत होते, शेवटपर्यंत. जाताना तुमच्या मागं येऊन थांबलेही होते. हात उचलला होता."

 सोललेल्या तळहातांवर नवी कातडी आली होती, ती काकाजी अंगठ्यानं चोळत राहिले. काकू आत निघून गेल्या.

"म्हणजे पाठच पाह्यली त्यानं माही," ते म्हणाले. आणि छत्रीकडे नाही, माझ्याकडेही नाही, उघड्या फाटकाकडे बघत म्हणाले, "नावानं एक हाक मारली असती न बाई, तं म्या फिरलो असतो."